कोलेस्टेरॉलच्या गोळीनं पोट बिघडलंय? गोळी बंद करायच्या आधी हे करून बघा

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक काका दुकानात आले, खिशातनं रबर गुंडाळलेली अर्धी स्ट्रिप काढली आणि काउंटरवर आपटली, "ही परत घे बाबा, हिनं पोटाचं पार वाटोळं केलं." बघितलं तर रोझुवास्टॅटिन १० एमजी. विचारलं काका त्रास कधीपासून, म्हणे गोळी चालू झाल्यापासून. गोळी कधी चालू झाली, तर घटस्थापनेच्या आसपास. आणि पोट कधी बिघडलं? "वसुबारसेला फराळ सुरू झाला ना, तिथपासून." म्हणजे मधले साडेतीन आठवडे गोळी पोटात जात होती आणि काही तक्रार नव्हती, हे बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते जरा गप्प झाले. अजून खोदल्यावर निघालं की घराची साफसफाई करताना गुडघा धरला म्हणून शेजाऱ्यांकडनं घेतलेली पेनकिलर दिवसाला दोन चालू होती, तीही सकाळच्या चहावर. आता चकली, चिवडा, करंजी आणि त्यावर रिकाम्या पोटी पेनकिलर, पोट बिघडणार नाही तर काय होणार, पण नाव गेलं कोलेस्टेरॉलच्या गोळीवर.

मी मेडिकल चालवतो, फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे तुमची गोळी बदला किंवा डोस कमी करा असलं काही मी इथं सांगणार नाहीये. पण रोज काउंटरवर हेच ऐकतो, गॅस धरतोय, पोट साफ होत नाही, मळमळतंय, आणि दहातले सात-आठ जण डॉक्टरला न विचारता गोळी बंद करून मोकळे झालेले असतात (हा माझा आपला अंदाज, मोजलेलं नाही). तर बंद करायच्या आधी काय काय तपासायचं ते क्रमानं सांगतो.

एक गोष्ट मात्र पहिली. ज्यांना स्टेंट बसलाय, बायपास झालंय, हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिस येऊन गेलाय त्यांनी ही गोळी एक दिवसही मनानं बंद करायची नाही. डॉक्टरला फोन करा, दुसऱ्या दिवशी जाऊन या, काय वाटेल ते करा पण परस्पर बंद नको, गोळी थांबली की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल परत होतं तिथं जातं आणि ते चढताना काही दुखत खुपत नाही म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही.

आता पहिलं काम, चष्मा लावा आणि स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा. "कोलेस्टेरॉलची गोळी" म्हणून जी तुम्ही घेता त्यात नेमकं काय आहे ते बघा, कारण बऱ्याच जणांच्या कॅप्सूलमध्ये एकट्याचं काम नसतं. नुसती रोझुवास्टॅटिन किंवा ॲटोरवास्टॅटिन असेल तर ती स्टॅटिन, लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल तयार होतं ते कमी करणारी. पण हार्टच्या पेशंटना पुष्कळदा एकाच कॅप्सूलमध्ये स्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (या दोघी रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या) असं तिघांचं बिऱ्हाड दिलेलं असतं. जळजळ, आंबट ढेकर, पोटाच्या वरच्या भागात दुखणं हे ॲस्पिरिनचं नेहमीचं काम आहे, आणि बिचारी स्टॅटिन शेजारच्यानं केलेल्या दंग्याची शिक्षा भोगते. फेनोफायब्रेट जोडलेलं असेल (ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, जास्त असणाऱ्यांना देतात) तर तेही पोटाला जड जाऊ शकतं, ते जेवणाबरोबर घ्यायचं असतं आणि त्यानं पित्ताशयात खडे व्हायची शक्यता थोडी वाढते. एझेटिमाइब असेल तर ते आतड्यातच काम करतं, अन्नातलं आणि पित्तातलं कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, त्यामुळे काहींना पातळ होणं, पोट दुखणं हे त्याच्यानं होतं. कोलेस्टायरामिनची पावडर आपल्याकडे आता फार कमी जणांना असते पण असली तर बद्धकोष्ठ आणि पोट फुगणं ठरलेलंच, शिवाय ती बाकीच्या गोळ्यांना पण धरून ठेवते म्हणून दुसरी औषधं तिच्या आधी एक तास नाहीतर नंतर चार ते सहा तासांनी घ्यायची. ओमेगा थ्रीची कॅप्सूल घेणाऱ्यांना माशाच्या वासाचे ढेकर येतात, शाकाहारी घरात यावरनं काय काय ऐकावं लागतं ते मी बघितलंय, जेवताना मधेच घेतली तर वास जरा कमी येतो.

दुसरं काम, बाकीचा डबा उघडा. शुगर असलेल्यांना मेटफॉर्मिन असतं आणि पोटात गुडगुड, जुलाब, मळमळ याबाबतीत मेटफॉर्मिनचा हात कुणी धरणार नाही. गंमत अशी होते की शुगर निघाली की डॉक्टर बऱ्याचदा दोन्ही गोळ्या एकाच दिवशी लिहून देतात आणि पेशंट मात्र स्टॅटिनला धरून बसतो कारण व्हॉट्सॲपवर शिव्या तिलाच पडलेल्या असतात. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतलं, हळूहळू डोस वाढवला किंवा हळू सुटणारी गोळी घेतली तर त्रास बराच कमी होतो, डॉक्टरला एवढंच विचारा. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. पेनकिलरचं वर सांगितलंच.

आणि थायरॉइड. हे जरा नीट वाचा कारण हे माझ्या सुद्धा डोक्यात उशिरानं शिरलं. थायरॉइड कमी काम करत असेल तर बद्धकोष्ठ होतं, थकवा येतो, आणि त्याच्याचमुळे कोलेस्टेरॉल पण वाढतं. म्हणजे एखाद्या काकूंचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, गोळी चालू झाली, पोट साफ होईना, दोष गोळीला, आणि मुळात दोन्हीचं कारण गळ्यातली ती ग्रंथी. वर अशा माणसाला स्टॅटिननं अंग दुखायची शक्यता पण जास्त असते. म्हणून टीएसएच गेल्या वर्षभरात केली नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या, साधी रक्ताची टेस्ट आहे.

आता खरा प्रश्न, स्टॅटिननं पोट बिघडतं का? बिघडू शकतं, स्ट्रिपबरोबरच्या कागदावर बद्धकोष्ठ, गॅस, अपचन, मळमळ, जुलाब सगळं छापलेलं आहे. पण आकडे बघा. ॲटोरवास्टॅटिनच्या चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्या १०० लोकांत ६.८ जणांना जुलाब झाले आणि नुसती औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत ६.३ जणांना. अपचन ४.७ आणि ४.३, मळमळ ४ आणि ३.५. म्हणजे फरक आहे पण चिमटीएवढा, बाकी पोटं तशीही बिघडतच असतात.

लंडनमध्ये एक भारी प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२० साली आला, साइड इफेक्टमुळे स्टॅटिन सोडून दिलेले ६० लोक घेतले आणि प्रत्येकाला वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या, चारमध्ये खरी गोळी, चारमध्ये खोटी, चार रिकाम्या, आणि रोज आज किती त्रास झाला ते फोनवर नोंदवायला लावलं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात त्रास कमी होता हे खरं, पण खऱ्या गोळीनं जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के खोट्या गोळीनं पण झाला. त्रास खोटा होता असं कुणी म्हणत नाहीये, तो त्यांना खरोखर होत होता, फक्त तो आतल्या औषधापेक्षा "मी गोळी गिळली" यातनं येत होता. आकडे समोर ठेवल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत चालू केली.

म्हणून तिसरं काम वही. कॅलेंडरचं पान पण चालेल, कालनिर्णयच्या चौकटीत बसेल एवढंच लिहायचंय. दोन आठवडे रोज चार गोष्टी: गोळी किती वाजता घेतली, काय खाल्लं जे रोजच्यापेक्षा वेगळं होतं (मिसळ, वडापाव, लग्नातलं जेवण, एकादशीची साबुदाण्याची खिचडी), पोट साफ झालं का, आणि त्रास दहापैकी किती. मनात ठेवू नका, लिहाच, कारण मनाला फक्त वाईट दिवस आठवतात. दोन आठवड्यांनी बहुतेकांना पॅटर्न दिसतो, कुणाचा त्रास दर सोमवारचा निघतो आणि मग रविवारचं मटण आठवतं.

चौथं, वेळ. लोकांना वाटतं कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच घ्यायची. सिमवास्टॅटिनसाठी ते बरोबर आहे, ती अंगात दोन-तीन तासांतच अर्धी होते आणि लिव्हर कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री बनवतं. पण ॲटोरवा अर्धी व्हायला साधारण १४ तास लागतात आणि रोझुवाला १९, त्यामुळे या दोन्ही सकाळी, दुपारी, रात्री कधीही घेतल्या तरी चालतात, फक्त रोज एकच वेळ धरा. रात्री साडेदहाला जेवून लगेच गोळी घेऊन आडवं होणाऱ्याला जळजळ होते ती बऱ्याचदा आडवं झाल्यामुळे. अशांनी डॉक्टरला सांगून गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर करून बघायची. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर पोळीभाजी पोटात गेल्यावर घ्या, या दोन गोळ्यांना जेवणाचं बंधन नाही. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी असते ती तशीच राहू द्या, दोन्ही एका घोटात गिळायची घाई करू नका. आणि उपवास आहे म्हणून गोळी नाही असं करू नका, देवाला गोळीचं काही वावडं नाही.

आता एकेक तक्रार घेऊ.

पोट साफ होत नाही ही सगळ्यात जास्त येणारी. पाणी, चालणं, पालेभाजी हे तुम्हाला सगळं माहितीय, तरी करत नाही, ते सोडून देतो. इसबगोल चांगलं, आणि त्याचा वर फायदा म्हणजे त्यातल्या विरघळणाऱ्या फायबरनं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पण थोडं उतरतं. पण घेतात चुकीचं, चमचाभर तोंडात टाकून वर दोन घोट पाणी, तसं केलं तर ते घशात किंवा आतड्यात गोळा होऊन बसतं आणि त्रास वाढतो. मोठा ग्लास भरून पाण्यात ढवळायचं, लगेच प्यायचं, वर अजून एक ग्लास पाणी. सुरुवात एका चमच्यानं, नाहीतर गॅसनं हैराण व्हाल आणि त्याचाही दोष गोळीवर टाकाल. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यात दोन तास अंतर ठेवा. रोज रात्री जुलाबाचं चूर्ण घेणाऱ्यांना एकच सांगतो, त्याची सवय लागू शकते, मग चूर्णाशिवाय पोट साफ होणारच नाही असं वाटायला लागतं.

गॅस आणि पोट फुगणं. ओवा, हिंग, जिऱ्याचं ताक, घरातलं सगळं चालतं, स्टॅटिनशी यांचं काही भांडण नाही. रात्रीचं वाल, छोले, राजमा, कच्चा कांदा हे दोन आठवडे बाजूला ठेवून बघा. दूध पिऊन फुगत असेल तर दूध बंद करून दही-ताकावर या, पुष्कळ मोठ्या माणसांना दूध पचत नाही आणि "रात्री गोळी दुधाबरोबर" ही सवय असली की नाव परत गोळीचंच.

जळजळ आणि ॲसिडिटी. इथं तीन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून लांबण लावतो. एक, ते गुलाबी ॲन्टासिड, पातळ असो की चघळायची गोळी, ज्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, ते रोझुवास्टॅटिनबरोबर एकदम घेतलं तर रोझुवाचं रक्तात जाणं जवळपास निम्म्यावर येतं. म्हणजे गोळी घेताय रोज, रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल काही उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि कारण असतं त्या गुलाबी बाटलीत. आधी रोझुवा घ्या, ॲन्टासिड नंतर दोन तासांनी. दोन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तर मनानं ओमेप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) घेऊ नका, त्यानं क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो, डॉक्टर अशा वेळी बहुतेक पॅन्टोप्राझोल देतात, कोणती घ्यायची ते विचारून घ्या. तीन, ॲसिडिटीच्या तपासात एच पायलोरी नावाचा पोटातला जंतू निघाला की १०-१४ दिवसांचं किट देतात आणि त्यात क्लॅरिथ्रोमायसिन हे ॲन्टिबायोटिक असू शकतं, ते ॲटोरवा आणि सिमवाबरोबर चालत नाही, स्टॅटिन अंगात साठून स्नायूंना इजा होऊ शकते. किट लिहून देताना पोटाच्या डॉक्टरला "मला कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे" एवढं एक वाक्य सांगा, ते स्टॅटिन तेवढ्यापुरती थांबवतील नाहीतर किट बदलतील. ग्रेपफ्रूटचं पण असंच, आपल्याकडे ते कोण खातंय म्हणा, पण पपनस त्याच्याच घरातलं आहे, गौरी-गणपतीच्या दिवसांत एखादी फोड ठीक, रोज वाडगाभर नको.

जुलाब. दोन-तीन दिवसांचे असतील तर आधी बाहेरचं खाणं आणि पाणी आठवा, ओआरएस घ्या, दहीभात, मुगाची खिचडी. जुलाब-उलटी जोरात असेल, पाणी सुद्धा टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण अंग कोरडं पडल्यावर किडनीवर ताण येतो आणि मेटफॉर्मिन, बीपीच्या गोळ्या, सगळ्याबद्दलच त्यांना विचारावं लागतं.

आता जिथं वही वगैरे काही नाही, लगेच दवाखाना: डोळे-त्वचा पिवळी, लघवी चहासारखी गडद, उजव्या बरगडीखाली दुखणं, जेवणावरची वासनाच उडणं, हे लिव्हर किंवा पित्ताशयाचं असू शकतं. पोटाच्या वरच्या भागातनं पाठीत जाणारी जबर कळ आणि उलट्या, स्वादुपिंडाला सूज असू शकते, ट्रायग्लिसराइड खूप वाढलेल्यांनी तर हे अजिबात अंगावर काढू नये. शौचाला डांबरासारखं काळं आणि चिकट, ॲस्पिरिन चालू असेल तर आत रक्त जात असेल (लोहाच्या गोळीनं पण काळं होतं, पण ठरवायचं डॉक्टरनं). अंग ठणकणं आणि लघवी कोकसारखी तपकिरी, हे स्नायूंचं, फार क्वचित होतं पण झालं तर तातडीचं.

आणि छातीत जळजळ होतेय, घाम सुटलाय, डावा हात किंवा जबडा भरून आलाय, दम लागतोय, तर तो गॅस नाही असंच धरून चाला आणि १०८ ला फोन करा. आमच्याकडे एकदा एक गृहस्थ "जरा गॅसची गोळी दे" म्हणत आले, शर्ट घामानं चिंब, मी गोळी दिली नाही, स्टुलावर बसवलं आणि मुलाला फोन लावला. ईसीजीत अटॅकच निघाला. वाचले. कोलेस्टेरॉलची गोळी घेणारा माणूस हा मुळातच हार्टची थोडी का होईना जोखीम असलेला माणूस असतो, त्याच्या छातीतल्या गॅसकडे जरा संशयानंच बघायचं.

हे सगळं करून वहीत खरंच दिसलं की त्रास गोळीशीच जोडलेला आहे, तर डॉक्टरकडे जा आणि न घाबरता सांगा, त्यांच्याकडे मार्ग भरपूर आहेत. ते काही आठवडे गोळी थांबवून परत चालू करून बघू शकतात, त्रास गेला आणि परत आला तर खूण पटली. दुसरी स्टॅटिन देऊ शकतात, एक सोसली नाही म्हणजे दुसरी सोसणार नाही असं नसतं. डोस कमी करू शकतात, आणि लोकांना माहिती नसतं ते हे की स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल साधारण अजून ६ टक्केच उतरतं, म्हणजे डोस निम्मा झाला तर जग बुडत नाही, आणि वर एझेटिमाइब जोडलं तर पुढं आणखी १५-२० टक्के उतरतं. रोझुवा अंगात बराच वेळ राहते म्हणून काही डॉक्टर ती एक दिवसाआड पण देतात. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन पण आलंय ज्यात पोटाचा संबंधच नाही, पण किंमत ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल. बदल केल्यावर चार ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा, त्याच्या आधी केलं तर नीट कळत नाही.

गोळी सोडून लसणाच्या पाकळ्या, अर्जुनाची साल, अमुक काढा यावर जाणारे पण भेटतात. रेड यीस्ट राइसची (लाल यीस्टनं आंबवलेल्या तांदळाची) कॅप्सूल ऑनलाइन "नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही" म्हणून विकतात, त्यातलं जे काम करतं ते रसायन लोवास्टॅटिनच आहे, म्हणजे सोडली ती स्टॅटिनच परत घेताय, तीही किती एमजी ते न कळता.

डॉक्टरकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: कोणत्या गोळ्या कधीपासून, पोटाचा त्रास कधीपासून, वहीतले सगळ्यात वाईट तीन दिवस, आणि स्वतः मेडिकलमधनं काय काय घेतलं (हे लपवू नका, आम्ही नाव सांगणार नाही पण तुम्ही सांगा). सगळ्या स्ट्रिपचे मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, आणि गोळ्या कापताना नाव असलेला तुकडा शेवटपर्यंत राहू द्या, कारण "ती छोटी गुलाबी गोळी हो" असं म्हटल्यावर डॉक्टरला पण काही कळत नाही आणि मला पण नाही, निम्म्या गोळ्या गुलाबीच असतात.